टोमॅटोचं झाड वारंवार आडवं पडतंय? नवी काठी आणण्याआधी हे तपासा

काठी लावलेली, सुतळीनं बांधलेलं, तरी वळवाच्या एका सरीत झाड आडवं. उभं करून पुन्हा बांधलं की आठ-पंधरा दिवसांत परत तेच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात परड्यात किंवा गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. झाड पडलं की बहुतेकजण जाड काठी आणायला धावतात. काठी कमकुवत निघते ती क्वचित. बहुधा गाठ चुकीच्या जागी असते, नाहीतर झाडाला पेलवणार नाही एवढे फुटवे वाढू दिलेले असतात. म्हणून फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी दिल्या आहेत, पैसे आणि मेहनत लागणाऱ्या नंतर.

लक्षणं

- झाड काठीसकट एका बाजूला कलतं.
- काठी सरळ उभी, पण खोड दोन गाठींच्या मध्ये वाकतं किंवा घसरून खाली बसतं.
- फळांनी लगडलेली फांदी बेचक्यातून फाटते.
- गाठीच्या जागी खोड आवळलं जातं, वरचा भाग फुगतो, शेंडा मलूल होतो.
- पाला इतका दाट की आत हात जात नाही. फुलं येतात पण देठाशी पिवळी पडून गळतात.
- खालच्या पानांवर वलयं असलेले तपकिरी डाग पडतात आणि पानं खालून वर वाळत जातात.
- हिरवंगार झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं आणि दोन-चार दिवसांनी सावरेनासं होतं.

शेवटचं लक्षण दिसत असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट आठव्या तपासणीकडे जा. त्या झाडाला कितीही नीट बांधलं तरी उपयोग नाही, आणि त्याच हातानं दुसऱ्या झाडाला शिवलात तर नुकसान वाढेल.

१. खोड हलवून बघा

जमिनीपासून वीतभर वर खोड दोन बोटांत धरा आणि हलकेच पुढंमागं हलवा. काठीच मातीत डुलत असेल तर दोष काठीच्या खोलीचा. त्याचं सहाव्या तपासणीत. काठी घट्ट, पण खोडाच्या बुडाशी मातीत फट पडत असेल तर मुळांना पकड नाही. दोन्ही घट्ट आणि फक्त वरचा भाग झुलत असेल तर गाठी आणि फुटवे बघायचे.

बुडाशी फट पडते तिथं भर घाला. टोमॅटोच्या खोडाला माती लागली की तिथून नवी मुळं फुटतात, हे या झाडाचं मोठं बळ आहे. लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी खालची एक-दोन पानं काढून खोडाभोवती ३ ते ४ इंच भुसभुशीत माती आणि कुजलेलं शेणखत चढवायचं. बेळगाव-खानापूरची तांबडी माती पावसानं वाहून जाते आणि वरची मुळं उघडी पडतात, त्यामुळे इथं भर दोनदा घालावी लागते. नव्यानं लावत असाल तर लांबुडकं रोप वरची चार-पाच पानं बाहेर ठेवून बाकी खोड मातीत जाईल असं लावा.

२. गाठी

फुकटची तपासणी, आणि निम्मी झाडं इथंच सुधारतात. प्रत्येक गाठीत करंगळी घालून बघा. करंगळी जात नसेल तर गाठ आवळलेली आहे. टोमॅटोचं खोड महिन्याभरात दुप्पट जाड होऊ शकतं; बांधताना सैल वाटलेली नायलॉनची दोरी नंतर सालीत रुतते आणि पहिला वारा आला की खोड नेमकं तिथंच मोडतं. बांधायची तार आणि प्लॅस्टिकची सुतळी यांचंही तेच.

बांधायला जुन्या सुती साडीची बोटभर रुंद पट्टी सगळ्यात चांगली. तागाची सुतळी चालते, पण पावसाळ्यात ती कुजते, म्हणून जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी ओढून बघायची. गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. आधी काठीला दोन वेढे देऊन तिथं पक्की गाठ मारायची, म्हणजे ती खाली घसरत नाही. मग पट्टीला एक पीळ देऊन खोडाभोवती सैल फास घ्यायचा. मधला पीळ खोड आणि काठी एकमेकांवर घासू देत नाही. उलटं केलं, म्हणजे खोडाला घट्ट आणि काठीला सैल, तर झाडाच्या वजनानं गाठ घसरते आणि झाड गोळा होऊन बसतं.

फास पानाच्या देठाखाली येऊ द्या. फुलांच्या किंवा फळांच्या घोसाखाली नको, तिथं फळं भरली की घोसाचा देठ दोरीवर कापला जातो. पहिली गाठ झाड फूटभर झालं की, पुढं दर ८ ते १० इंचांवर एक. वाढीच्या दिवसांत आठवड्याला एक गाठ धरा. पंधरा दिवस चुकलं तर शेंडा लोळतो, आणि वाकलेला शेंडा एकदम सरळ करायला गेलात तर काड्कन मोडतो. तो दोन-तीन दिवसांत थोडा थोडा वर घ्यायचा, तोही दुपारी. सकाळी खोड पाण्यानं टरारलेलं आणि ठिसूळ असतं. दुपारी लवचीक होतं.

फांदी मोडली पण एका बाजूची साल शाबूत असेल तर टाकून देऊ नका. लगेच जागेवर जुळवा, दोन्ही बाजूंना बांबूची वीतभर कामटी लावा, सुती पट्टीनं गुंडाळा आणि वरची फळं काढून ओझं कमी करा. दोन-तीन आठवड्यांत ती बहुधा जुळते.

३. झाड कोणत्या वाढीचं आहे ते ओळखा

हे ओळखल्याशिवाय कात्रीला हात लावू नका. टोमॅटोत मोठं नुकसान होतं ते इथं.

काही जाती मर्यादित वाढीच्या असतात. त्यांच्या शेंड्यालाच फुलांचा घोस येतो आणि खोडाची वाढ थांबते; साधारण ३ ते ४ फुटांवर झाड झुडपासारखं पसरतं. त्यांचं फळ बाजूच्या फांद्यांवरच येतं. अशा झाडाचे सगळे फुटवे काढले तर काढलेत ते पीकच. अमर्यादित वाढीच्या जातींचा शेंडा थांबत नाही. पुसा रुबी आणि बहुतेक चेरी टोमॅटो या गटातले. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक या दोन्हींच्या मधला, अर्धमर्यादित वाढीचा.

पाकीट हाताशी नसेल, रोप आठवडी बाजारातून आणलेलं असेल, तर घोसांमधली पानं मोजा. दोन घोसांच्या मध्ये साधारण तीन पानं असतील तर झाड वाढत राहणारं. एक-दोन पानांवरच पुढचा घोस येत असेल आणि एखादी फांदी घोसावरच संपलेली दिसत असेल तर मर्यादित वाढीचं.

मर्यादित वाढीच्या झाडाचे पहिल्या घोसाखालचे फुटवे तेवढे काढा. वर हात लावू नका. अर्धमर्यादित झाडावर दोन-तीन खोडं ठेवा.

४. फुटवे

पान आणि खोड यांच्या बेचक्यातून जी नवी फांदी निघते ती बगलफूट. वाढत राहणाऱ्या झाडावर प्रत्येक बगलफूट स्वतः एक झाड व्हायला निघते. चार-पाच खोडं झाली की ओझं काठीला पेलत नाही, आत वारा खेळत नाही, पाऊस पडून गेला तरी पानं तासन् तास ओली राहतात आणि करपा, म्हणजे पानं डागाळून वाळवणारा बुरशीचा रोग, येतो. फळंही लहान राहतात.

परड्यात दोन खोडं ठेवणं सगळ्यात बरं: एक मुख्य, आणि दुसरी पहिल्या घोसाच्या लगेच खालची बगलफूट. ही फूट सगळ्यांत जोमदार असते. बाकीच्या आठवड्याला एकदा काढायच्या. झाडं दीड फुटावर लावली असतील तर एकच खोड. दोन खोडांना दोन फूट हवेत.

फूट २ ते ३ इंचांची असताना काढा. अंगठा आणि तर्जनीत धरून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वाकवा, ती स्वच्छ सुटून येते. खाली ओढू नका. ओढली की खोडाची साल सोलवटत जाते आणि त्या जखमेतून कूज शिरते. काम सकाळी दव सुकल्यावर करा. डिसेंबर-जानेवारीत या भागात नऊ-दहापर्यंत पानं दवानं ओली असतात. ओल्या झाडात हात घातला की रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. सकाळची जखम मात्र दिवसाच्या उन्हात कोरडी होते. पाऊस यायचा असेल तर त्या दिवशी फुटवे काढूच नका.

फूट पेन्सिलीएवढी जाड झाली असेल तर बुडातून काढू नका, जखम मोठी होते. खालची दोन पानं ठेवून तिचा शेंडा खुडा. पानं राहतात, फळांना सावली मिळते आणि वाढ थांबते. वाढून गेलेलं रान एका दिवसात साफ करायचा मोहही आवरा. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही. उरलेलं आठ-दहा दिवसांनी. एकदम उघडं केलेल्या झाडाची खालची पानं आत वळतात. ती जाड आणि हिरवीच असतील तर रोग नाही, झाडाला बसलेला ताण आहे. नवी पानं बारीक, पिवळसर होऊन वाटीसारखी वर वळत असतील तर तो पांढऱ्या माशीनं पसरणारा पर्णगुच्छ रोग. ते झाड उपटलेलंच बरं.

आणि हात धुणं. निपाणी-चिकोडी भागात हे मुद्दाम सांगावं लागतं. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही टिकतो आणि टोमॅटोला लागतो. तंबाखू मळलेल्या, बिडी ओढलेल्या किंवा वखारीत काम करून आलेल्या हातांनी फुटवे खुडले तर प्रत्येक ताज्या जखमेतून तो झाडात जातो. साबणानं कोपरापर्यंत हात धुवा, नखांखालीही. कात्री वापरत असाल तर प्रत्येक झाडानंतर साबणाच्या पाण्यात बुडवून पुसा. आजारी वाटणारं झाड सगळ्यात शेवटी हाताळा.

५. खालची पानं, शेंडा, खत आणि ऊन

पहिल्या घोसातली फळं धरली की जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानं काढा, एका वेळी दोन-तीन. करप्याची बुरशी मातीत आणि पडलेल्या पाल्यात राहते. पावसाचा थेंब मातीवर आपटला की ती उडून खालच्या पानावर बसते. बुडाशी वाळलेल्या उसाच्या पाचटाचा २ इंचांचा थर दिला तर हे उडणं बरंच थांबतं. काढलेली डागाळ पानं झाडाखाली टाकू नका.

मार्च उजाडला की पानं काढणं थांबवा. उघड्या फळावर पश्चिमेचं ऊन पडलं की पांढरट, कागदासारखा चट्टा पडतो आणि तिथून फळ सडतं. पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुलंही धरत नाहीत, त्यामुळे नवरात्राच्या सुमारास लावलेल्या झाडाचा शेंडा फेब्रुवारीअखेर, वरच्या घोसापुढं दोन पानं ठेवून, खुडावा. झाडाची ताकद मग धरलेल्या फळांकडे जाते आणि काठीवरचं ओझंही थांबतं.

झाड काळपट हिरवं, खोड अंगठ्याएवढं आणि फळ नाही, असं असेल तर नत्र जास्त झालंय: युरिया, शेणाची स्लरी किंवा कोंबडीखत. तीन आठवडे ते बंद करा. तांबड्या मातीत झाडाभोवती मूठभर लाकडाची राख द्या. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत राख नको, ती माती आधीच अल्कधर्मी असते. तिथं शून्य-शून्य-पन्नास हे पालाशाचं खत लिटरला ५ ग्रॅम घेऊन फवारा. दिवसाला सहा तास ऊन मिळत नसेल तर झाड उजेडासाठी ताणून बारीक होणारच. तिथं जागा बदलायची.

६. काठी बदलणं

आता पैसे खर्च करायची वेळ. चिव्याची किंवा बांबूची ६ ते ७ फुटी, निदान अंगठ्याहून जाड काठी. तुरीच्या काड्या वांग्या-मिरचीला ठीक, टोमॅटोच्या दोन खोडांना नाहीत.

तांबड्या मातीत काठी दीड फूट आत गेली पाहिजे. जांभ्याच्या खडकावर फूटभरच माती असेल तर एका काठीचा नाद सोडा आणि तीन काठ्या तिवईसारख्या लावून शेंड्याला बांधा. काळ्या मातीत दोन फूट. ती ओली असताना फुगून काठी धरते, पण सुकल्यावर भेगाळते आणि काठी सैल होते. म्हणून काठीभोवती मुरूम ठोकून बसवा. पहारीनं आधी भोक पाडा. वरून हातोडा मारत बसलात तर काठीचं तोंड फुटतं.

काठी रोपाबरोबरच, ४ इंच अंतरावर लावायची. वाढलेल्या झाडाशेजारी नंतर ठोकली तर मुळं तुटतात. आता लावणं भागच असेल तर खोडापासून फूटभर लांब, दोन बाजूंना दोन काठ्या लावा आणि मध्ये आडव्या पट्ट्या बांधा. पावसाळी वारा इथं पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो. काठी त्या बाजूला असावी, म्हणजे वाऱ्यात झाड काठीवर आपटत नाही, पट्टीवर तोललं जातं.

कुंडीतलं झाड कुंडीसकट पडत असेल तर कुंडी लहान आहे. निदान २० लिटर माती हवी. सिमेंटच्या रिकाम्या पोत्याला खाली भोकं पाडून भरलं तरी चालतं. गच्चीवर कठड्याच्या आत ठेवा, कठड्यावर कधीच नाही.

७. सहाहून जास्त झाडं असतील तर ताटी

ओळीच्या दोन्ही टोकांना जाड डांब, दोन-दोन फूट आत आणि बाहेरच्या बाजूला तिरका तणावा देऊन. मध्ये दर तीन झाडांमागे एक काठी. मर्यादित वाढीच्या जातींना दर ८ ते १० इंच उंचीवर ओळीच्या एका बाजूनं सुतळी नेऊन प्रत्येक काठीला वेढा द्यायचा आणि दुसऱ्या बाजूनं परत आणायची, म्हणजे झाडं दोन सुतळ्यांच्या मध्ये उभी राहतात. वाढत राहणाऱ्या जातींना डांबांच्या शेंड्यावर १४ गेजची जस्ताची तार ताणून प्रत्येक खोडासाठी एक सुतळी खाली सोडा आणि खोड वाढेल तसं तिच्याभोवती फिरवा. ताटी पडते ती जवळजवळ नेहमी टोकाच्या डांबाला तणावा नसल्यामुळे.

८. खोड आणि मूळ तपासणं

मान टाकलेलं झाड मुळासकट उपटा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी. गाठी नसतील तर जमिनीलगतच्या खोडाचा तीन इंची तुकडा धारदार पात्यानं कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्याचं कापलेलं टोक पाण्यात बुडेल असा टांगून धरा. हलवू नका. पेल्याच्या मागे काळं कापड धरलंत तर नीट दिसतं. पाचेक मिनिटांत टोकातून उदबत्तीच्या धुरासारखी दुधाळ रेघ खाली उतरू लागली तर ती जिवाणूजन्य मर. पाणी स्वच्छ राहिलं आणि तुकडा उभा चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसल्या तर बुरशीजन्य मर.

दुधाळ रेघ दिसली की त्या वाफ्यात काहीही वाचवायला जाऊ नका. झाड बुडाच्या मातीसकट पोत्यात भरून काढा, खतखड्ड्यात टाकू नका, तिथलं पाणी दुसऱ्या वाफ्यात वाहू देऊ नका. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांतलं काहीही तिथं निदान तीन वर्षं नको. पुढं टोमॅटो लावाल तेव्हा हा रोग सोसणारी जात घ्या. अर्का रक्षक त्यातली एक आहे.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

दुधाळ रेघ दिसलेली झाडं एकाहून जास्त असतील. शेंड्याच्या पानांवर हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांची नक्षी दोन-तीन झाडांवर एकदम दिसत असेल. किंवा पावसाळी-ढगाळ हवेत खोडावर आणि पानांवर ओलसर काळपट चट्टे तीन-चार दिवसांत सगळीकडे पसरत असतील, तर घरगुती उपाय थांबवा. दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन-तीन औषधं एकत्र करून फवारू नका. हे फळ घरातली मुलं खाणार आहेत. तालुक्याच्या बागायत खात्याचं कार्यालय, होबळीचं रयत संपर्क केंद्र, किंवा बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तीकोप्पचं आणि गोकाककडच्या तुक्कानट्टीचं कृषी विज्ञान केंद्र इथं नमुना दाखवा.

गच्चीवर ताटीसाठी स्लॅबला भोकं पाडायची वेळ आली तरीही थांबा. स्लॅब गळू लागला तर टोमॅटोपेक्षा महाग पडतो. गवंडी आणि फॅब्रिकेटर यांना बोलवून वजनावर उभी राहणारी चौकट करून घ्या. विजेच्या तारेजवळ उंच काठी किंवा लोखंडी तार लावायची असेल तर ती जागाच सोडा. सोलरच्या नळ्यांनाही झाड बांधू नका.

नमुना नेताना अख्खं झाड मुळासकट, बुडाच्या मातीसह न्या, फक्त पान नको. वर्तमानपत्रात गुंडाळा; प्लॅस्टिकच्या पिशवीत ते वाटेतच सडतं आणि काही ओळखता येत नाही. लावणीची तारीख, जात, शेवटचं खत कधी आणि किती दिलं, आणि त्याच वाफ्यात गेल्या दोन हंगामांत काय होतं, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.